छत्रीसैनिक घडतो तो जमिनीवर: रिंगवेच्या पहिल्या शाळेविषयी

प्रश्न असा आहे: १९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटनकडे छत्रीसैनिक नव्हते, त्यांना उतरवण्यासाठी योग्य विमाने नव्हती आणि त्यांना शिकवू शकेल असा अनुभवी माणूसही जवळजवळ नव्हता. असे असताना दीड-दोन वर्षांत शत्रूच्या प्रदेशात उतरू शकतील अशा पलटणी त्यांनी कशा उभ्या केल्या? धाडसी माणसे निवडली आणि विमानातून ढकलली, एवढेच त्यामागे होते का?

मी भारतीय वायुसेनेत पॅराशूट उडीचा प्रशिक्षक म्हणून आग्र्याच्या शाळेत बरीच वर्षे काढली. त्यामुळे या प्रश्नाकडे मी इतिहासकाराच्या नजरेने पाहण्यापेक्षा विमानाच्या दारात उभ्या असलेल्या उस्तादाच्या नजरेने पाहतो, हे आधीच सांगितलेले बरे. माझे उत्तर थोडक्यात असे, की त्या काळी ब्रिटनमध्ये धाडसाची टंचाई कधीच नव्हती. टंचाई होती ती पद्धतीची. भीती वाटणाऱ्या सर्वसाधारण माणसाला क्रमाक्रमाने उडीपर्यंत कसे न्यायचे आणि उडीनंतर त्याचे पाय शाबूत कसे ठेवायचे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. ते ज्ञान मँचेस्टरजवळच्या रिंगवे या विमानतळावर चुका करत, हाडे मोडून घेत आणि काही जीव गमावून तयार झाले. आज आपल्या देशात जे शिकवले जाते, त्यातला बराच भाग त्याच ज्ञानाचा वारसा आहे.

१० मे १९४० रोजी जर्मन छत्रीसैनिक हॉलंडमध्ये उतरले आणि विमानातून उतरणारे पायदळ ही निव्वळ कवायतीच्या मैदानावरची करामत नव्हे, हे युरोपला कळून चुकले. रशियनांनी तर १९३० च्या दशकाच्या मध्यालाच शेकडो माणसे एकदम उतरवण्याची प्रात्यक्षिके परदेशी पाहुण्यांना दाखवली होती आणि जनरल वेव्हेल यांनी १९३६ मध्ये तसे एक प्रात्यक्षिक स्वतः पाहिले होते. तरीही ब्रिटिश सेनेने त्या दिशेने काहीच केले नव्हते. डंकर्कहून सैन्य कसेबसे परतल्यावर चर्चिल यांनी २२ जून १९४० रोजी लेखी सूचना दिली, की किमान ५,००० छत्रीसैनिकांचे दल उभारले पाहिजे. रिंगवेला त्याच सुमारास 'सेंट्रल लँडिंग स्कूल' सुरू झाले. वायुसेनेच्या बाजूने त्याची धुरा पहिल्या महायुद्धातले गाजलेले वैमानिक लुई स्ट्रेंज यांच्याकडे आली, तर लष्कराच्या बाजूने रॉयल इंजिनियर्सचे मेजर जॉन रॉक यांच्याकडे. काय उभारायचे हे दोघांना सांगितले होते, पण ते कसे उभारायचे याचा कागद कोणाच्याच दप्तरात नव्हता.

ब्रिटिश वायुसेनेला पॅराशूट नवे नव्हते, मात्र तिला ठाऊक असलेले पॅराशूट वैमानिकाचा जीव वाचवण्यासाठी होते. विमान जळू लागले की वैमानिक बाहेर पडतो, थोडा दूर जातो, स्वतःच्या हाताने कडी ओढतो आणि जमिनीवर कुठेतरी, कसातरी पोहोचतो. त्यात घोटा मुरगळला तरी तो देवाचे आभारच मानतो. सैनिकाचे गणित याच्या नेमके उलटे असते. त्याला कमी उंचीवरून, दहा जणांच्या रांगेत, एकमेकांच्या जवळ उतरायचे असते आणि त्याचे खरे काम जमिनीला पाय लागल्यावर सुरू होते. ज्याचा घोटा मुरगळला तो सैनिक त्याच्या तुकडीला ओझे होतो. हा फरक लक्षात घेतला, की रिंगवेच्या पहिल्या वर्षातले बहुतेक सगळे अपघात आणि बहुतेक सगळे शोध समजू लागतात.

प्रशिक्षक म्हणून जे गोळा झाले, ती मंडळी तशी विचित्रच होती. हेनलो येथील वायुसेनेच्या पॅराशूट विभागातले घडी घालणारे कारागीर आले, लष्कराचे व्यायामशिक्षक आले, आणि युद्धापूर्वी जत्रेसारख्या विमानप्रदर्शनांत पैशासाठी उड्या मारणारे हॅरी वॉर्ड यांच्यासारखे व्यावसायिकही आले. पहिल्यांना छत्री ठाऊक होती, दुसऱ्यांना शरीर आणि तिसऱ्यांना उडी. तिन्ही गोष्टी एकाच माणसाला ठाऊक असाव्या लागतात, हे समजायला वर्षभर लागले.

विमाने मिळाली ती व्हिटली जातीची, म्हणजे जुनी पडत चाललेली मोजकी बॉम्बफेकी विमाने. त्यांना माणसांनी उडी मारण्याजोगे दारच नव्हते. म्हणून पहिला उपाय हेनलोहून उचलला गेला. तिथे जुन्या व्हर्जिनिया विमानाच्या पंखावर एक छोटा कठडा असे, त्यावर माणूस उभा राही, छत्रीची कडी ओढी, आणि फुगलेली छत्री त्याला पंखावरून मागे खेचून नेई. रिंगवेला व्हिटलीच्या शेपटीतला तोफेचा घुमट काढून तिथे तसाच ओटा बांधला गेला. विमानतळापासून जवळच असलेल्या टॅटन पार्क या जहागिरीच्या विस्तीर्ण कुरणावर १३ जुलै १९४० रोजी पहिल्या उड्या झाल्या. त्या आधी प्रशिक्षकांनी मारल्या, शिष्यांनी नंतर. ही प्रथा तेव्हापासून आजवर मोडलेली नाही आणि ती मोडू नये.

शेपटीच्या ओट्यावरून खेचले जाणे एकेकट्या माणसासाठी ठीक होते. युद्धासाठी ते निरुपयोगी होते, कारण एक माणूस गेल्यावर दुसरा ओट्यावर येऊन स्थिर उभा राहीपर्यंत विमान शेते ओलांडून पुढे गेलेले असे. म्हणून व्हिटलीच्या तळाला, जिथे पूर्वी खाली उतरणारा तोफेचा घुमट बसवत, तिथले गोल भोक वापरायचे ठरले. त्याबरोबर स्टॅटिक लाइन आली. म्हणजे छत्रीची दोरी विमानाला अडकवायची, माणूस पडला की ती ताणली जाऊन छत्री आपोआप उघडायची. सैनिकाने स्वतः काहीही ओढायचे नाही. शिष्य म्हणून दाखल झाले होते ते नंबर २ कमांडोचे जवान, आणि जुलै संपण्याआधीच त्यांच्या उड्या सुरू झाल्या.

२५ जुलैला त्यांच्यापैकी एक जण मरण पावला. त्याची छत्री दोऱ्यांत गुरफटली आणि उघडलीच नाही. इथे थोडे थांबावे लागेल, कारण पुढच्या साऱ्या प्रशिक्षणाचा पाया या एका अपघाताच्या चौकशीत घातला गेला. त्या वेळच्या छत्रीत कापडाचा घुमट आधी बाहेर पडे आणि दोऱ्या नंतर ताणल्या जात. माणूस गडबडीत कोलांटला किंवा फिरला, तर त्याच्या भोवती अर्धवट फुगलेले कापड आणि ढिल्या दोऱ्या एकाच वेळी तरंगत असत, आणि त्यात हात किंवा पाय अडकला की सारे संपले. वर घुमट एकदम वाऱ्याने भरला तर बसणारा हिसका असा असे, की माणसाच्या डोळ्यांपुढे अंधारी यावी. यावर उपाय म्हणून अर्विन कंपनीची छत्री आणि रेमंड क्विल्टर यांच्या जीक्यू कंपनीची पिशवी यांचा मेळ घातला गेला आणि 'एक्स-टाइप' नावाची छत्री तयार झाली. तिच्यात स्टॅटिक लाइन पाठीवरची पिशवी ओढून घेते. माणूस खाली जात असताना आधी दोऱ्या एकामागून एक ताठ होत बाहेर येतात, अगदी शेवटी पिशवीतून घुमट निघतो, आणि त्याला पिशवीशी बांधणारा बारीक दोरा तुटला की छत्री फुगते. म्हणजे घुमट उघडतो त्या क्षणी तो माणसापासून दोऱ्यांच्या पूर्ण लांबीइतका दूर असतो, आणि हिसकाही पुष्कळ सौम्य होतो. २८ फूट व्यासाची ही छत्री इतकी भरवशाची निघाली, की ब्रिटिश सैनिकांनी पूर्ण युद्धकाळात छातीवर दुसरी, राखीव छत्री बांधलीच नाही. अमेरिकन सैनिक ती बांधत असत. आमच्या पिढीला राखीव छत्रीवाचून उडी मारायला सांगितले असते, तर शाळेत बंड झाले असते असे मला वाटते. पण पाचशे-सहाशे फुटांवरून उडी मारताना राखीव छत्री उघडायला फारसा वेळ मिळतच नाही, हा त्यांचा युक्तिवाद अगदीच चुकीचा नव्हता.

छत्री सुधारली. भोक मात्र तसेच राहिले. व्हिटलीचे पोट अंधारे आणि अरुंद होते. आठ-दहा जवान फळ्यांवर पाठ टेकून, गुडघे छातीशी घेऊन समोरासमोर बसत. मध्ये असलेले भोक साधारण तीन फूट खोल होते, विहिरीच्या तोंडासारखे. लाल दिवा लागला की पहिल्याने पाय त्यात सोडून काठावर बसायचे, हिरवा लागला की हातांनी स्वतःला जरासे पुढे ढकलून, सावधानच्या पवित्र्यात ताठ, सरळ खाली जायचे. लगेच समोरच्या काठावरच्याने, मग पुन्हा अलीकडच्याने. त्या 'जरासे' या शब्दात सगळी गोम होती. ढकलणे जास्त झाले तर चेहरा समोरच्या काठावर आदळे. कमी झाले तर पाठीवरची छत्री मागच्या काठाला घासे, माणूस पुढे झुकवला जाई, आणि चेहरा पुन्हा त्याच काठावर आदळे. फुटलेली नाके आणि पडलेले दात इतके नेहमीचे झाले, की जवानांनी त्याला 'घंटा वाजवणे' असे नाव दिले. कोणी खाली पाहिले तरीही घंटा वाजे, कारण मान वाकली की डोके पुढे येते. उडी मारणाऱ्याने खाली पाहू नये हा नियम आम्हीही शिकवतो, आणि दर वेळी कोणीतरी विचारतो की त्याचे कारण घाबरगुंडी आहे का. आमच्याकडे कारण वेगळे आहे, पण नियम जन्माला आला त्यात त्या भोकाच्या काठाचाही वाटा असावा अशी माझी समजूत आहे.

सप्टेंबर १९४० अखेरीस हिशेब मांडला गेला तो असा: प्रशिक्षणासाठी स्वीकारलेल्या ३४२ अधिकारी व जवानांपैकी ३० जणांनी उडी मारायला नकार दिला आणि दोघे मरण पावले. हे सगळे स्वेच्छेने आलेले, पारखून घेतलेले कमांडो होते. साधारण दर अकरा जणांमागे एकाने भोकाच्या काठावर बसून 'नाही' म्हटले, तर ते त्या जवानाचे अपयश मानायचे की शाळेचे? त्या काळच्या बऱ्याच अधिकाऱ्यांचे उत्तर पहिले होते. माझे उत्तर दुसरे आहे. ज्या माणसाला आदल्या आठवड्यात आपल्या सोबत्याचा देह कुरणावरून उचलताना दिसला आणि ज्याला छत्री का गुरफटली हे कोणी नीट सांगितले नाही, तो नकार देतो तेव्हा त्याची बुद्धी जागेवर आहे असेच मी समजेन.

जमिनीवरचे शिक्षणही त्या वेळी धसमुसळे होते. चालत्या ट्रकच्या मागच्या फळीवरून उड्या मारायला लावत, म्हणजे वाऱ्याने वाहत येऊन जमिनीवर आदळण्याची सवय होईल असा विचार. प्रत्यक्षात विमानात पाऊल ठेवण्याआधीच काही जणांचे पाय आणि खांदे निकामी होत. शिकवताना होणारी इजा उडीतल्या इजेपेक्षा जास्त असेल तर ते शिक्षण नव्हे.

यातूनही माणसे तयार झाली, हे खरे. नोव्हेंबर १९४० मध्ये नंबर २ कमांडोचे नाव ११ वी स्पेशल एअर सर्व्हिस बटालियन असे झाले आणि १० फेब्रुवारी १९४१ च्या रात्री तिच्यातल्या तीन डझन माणसांनी मेजर प्रिचर्ड यांच्या हाताखाली माल्टाहून उड्डाण करून दक्षिण इटलीतल्या ट्राजिनो नदीवरचा पाणी वाहून नेणारा पूल उडवला. लष्करीदृष्ट्या फळ किरकोळ होते आणि उतरलेले सगळे पकडले गेले. पण रात्री, परक्या डोंगरात, व्हिटलीच्या भोकातून ठरल्या जागेजवळ उतरता येते, हे सिद्ध झाले. २६ एप्रिल १९४१ रोजी चर्चिल स्वतः रिंगवेला आले. पाच हजारांचे दल मागून दहा महिने झाले होते आणि त्यांना दाखवता आली ती जेमतेम काही डझन माणसांची उडी. त्यांनी पुन्हा कागद हलवले आणि त्यानंतर पैसा, माणसे व जागा मिळू लागली.

खरा बदल १९४१ च्या उन्हाळ्यात झाला. जुलैमध्ये मॉरिस न्यूनम शाळेचे प्रमुख झाले आणि जमिनीवरचे प्रशिक्षण जॉन किलकेनी या शारीरिक शिक्षणाच्या अधिकाऱ्याकडे आले. या दोघांची नावे युद्धाच्या इतिहासात सेनापतींच्या नावांपुढे झाकोळून जातात, पण माझ्या धंद्यात त्यांना फार वरचे स्थान आहे. किलकेनी यांनी उडीचे तुकडे केले. भोकातून बाहेर पडणे, हवेत स्वतःला सावरणे, वाऱ्याची दिशा ओळखून खांद्यावरचे पट्टे ओढणे, जमिनीला पाय लागण्याआधीची तयारी, प्रत्यक्ष टेकणे आणि टेकल्यावर वाऱ्याने फरफटत नेणारी छत्री आवरणे. यातील प्रत्येक तुकडा हँगरमध्ये, छपराखाली, कोरड्या गादीवर शंभर वेळा करता येईल अशी साधने त्यांनी उभी केली. व्हिटलीच्या पोटाचे लाकडी साचे झाले, त्यांच्या भोकातून खालच्या गाद्यांवर उतरता येई. छताला टांगलेले झोपाळे आले, ज्यांच्यावर जवान पट्ट्यांत लटकून हेलकावे खाई आणि प्रशिक्षक अचानक त्याला सोडून देई. ते हँगर पाहणाऱ्यांना सर्कशीचा तंबू वाटे आणि लोक त्याला किलकेनींची सर्कसच म्हणत.

त्यातले सर्वांत हुशारीचे साधन म्हणजे पंखा. हँगरच्या छताजवळ मचाण बांधलेले असे. जवानाच्या पट्ट्याला अडकवलेली तार एका पिंपावर गुंडाळलेली असे आणि त्या पिंपाला पंख्याची पाती जोडलेली असत. जवान मचाणावरून खाली पडू लागला की पिंप फिरे, पाती हवा कापू लागत, आणि हवेच्या विरोधामुळे पडण्याचा वेग छत्रीखाली उतरण्याइतका मर्यादित राही. ना वीज, ना इंजिन. पहिले पाऊल रिकाम्या हवेत टाकण्याची जी भीती पोटात गोळा आणते, ती इथे पुरेपूर असे, मात्र इजा जवळजवळ होत नसे. माझ्या मते छत्रीसैनिकाच्या प्रशिक्षणात लावला गेलेला हा सर्वांत सुंदर शोध आहे.

उतरण्याची रीतही किलकेनींच्या हाताखाली पक्की होत गेली. छत्रीखालचा माणूस जमिनीला लागतो तो दहा-बारा फुटांच्या भिंतीवरून उडी मारल्यासारखा, आणि वारा असेल तर त्यात आडवा वेगही मिसळतो. पाय फाकलेले असले तर ज्या पायावर आधी भार येईल तो मोडतो. गुडघे ताठ असले तर तडाखा कण्यात जातो. हात पुढे केले तर मनगट जाते. म्हणून दोन्ही पाय आणि दोन्ही गुडघे घट्ट जुळलेले, गुडघे किंचित वाकलेले, कोपरे आत, हनुवटी छातीला. टेकताच अंग वाऱ्याच्या दिशेला असे वळवायचे, की तडाखा पावलांवरून पोटरीच्या बाजूला, तिथून मांडीला, कमरेला आणि शेवटी पाठीवरून विरुद्ध खांद्याकडे वाटला जाईल. वाचायला दहा सेकंद लागतात, शरीरात उतरायला किमान आठवडा. पैलवानाला पडायला शिकवतात त्याचीच ही भावंडे आहेत. आखाड्यात घडलेली पोरे आमच्याकडे आली की हा भाग दोन दिवसांत उचलत आणि व्यायामशाळेत नुसते दंड फुगवलेली पोरे आठवडाभर रडवत, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

दुसरी मोठी भर म्हणजे बलून. १९४१ मध्येच टॅटन पार्कवर दोरखंडाने बांधलेला, शहरांच्या रक्षणासाठी तेव्हा वापरत तसला मोठा बलून आला. त्याच्या खाली एक पिंजरा टांगत. त्यात चार जवान आणि एक प्रशिक्षक बसे, मध्ये भोक. जमिनीवरचा रहाट दोरखंड सोडत जाई आणि पिंजरा सुमारे ७०० फुटांवर जाऊन थांबे. फायदे उघड होते. मँचेस्टरच्या ढगाळ हवेत विमाने जमिनीवर अडकून पडत तेव्हाही पुष्कळदा बलूनचे काम चाले, इंधन लागत नसे, आणि खाली उभा असलेला प्रशिक्षक भोंग्यातून उतरणाऱ्याला थेट सांगू शके, 'पाय जुळव, डावा पट्टा ओढ.' बॉम्बफेकी विभागाकडे विमानांसाठी हात पसरण्याची पाळीही कमी झाली.

जवानांना मात्र बलून नकोसा वाटे, विमानापेक्षाही. याचे कारण मला अनेकांना समजावून सांगावे लागले आहे. विमानातून बाहेर पडताच पंख्यांचा झोत माणसाला मागे ओढतो, गोंगाट असतो, मागच्याचा रेटा असतो, विचार करायला सवडच मिळत नाही. शिवाय विमानाच्या वेगामुळे छत्री लवकर भरते. बलूनच्या पिंजऱ्यात सगळे शांत असते. खालच्या माणसाचे बोलणे ऐकू येते. तारा कुरकुरतात, पिंजरा डुलतो आणि दोन पावलांवरच्या भोकातून गवत दिसते. झोत नसल्यामुळे शंभराहून अधिक फूट निखळ पडल्यावर छत्री धरते आणि त्या दोन-तीन सेकंदांत आतडी घशाशी येतात. एवढे असूनही पहिली उडी बलूनमधून हे सूत्र बरोबरच होते, कारण ज्याने त्या शांततेत स्वतःला सोडले, त्याला विमानाचा गोंगाट पुढे आधारच वाटे. अभ्यासक्रम ठरला तो दोन उड्या बलूनमधून आणि पाच विमानातून. त्या पूर्ण झाल्या की बाहीवर पंखांचे चिन्ह. चिन्ह मिळेपर्यंत जवान केव्हाही नकार देऊ शके आणि त्याला फारशी चर्चा न करता, इतरांच्या नजरेआडून, त्याच्या जुन्या पलटणीत परत पाठवत. चिन्ह मिळाल्यावर दिलेला नकार हा गुन्हा ठरे आणि त्यासाठी कोर्ट मार्शल होई. ही रेषा मला नेहमीच न्याय्य वाटली आहे.

न्यूनम यांनी घेतलेला एक निर्णय त्या वेळी लष्कराला आवडला नव्हता. उडीचे सगळे शिक्षण वायुसेनेच्या शारीरिक शिक्षकांनी द्यायचे, आणि लष्कराचे प्रशिक्षक हळूहळू मोकळे करायचे. त्याचबरोबर त्यांनी असे ठरवले, की साधारण दहा जणांची एक तुकडी एकाच प्रशिक्षकाच्या हाती पहिल्या दिवसापासून शेवटच्या उडीपर्यंत राहील. गादीवर शिकवणारा तोच, पंख्याच्या मचाणावर मागे उभा राहणारा तोच, आणि विमानात भोकापाशी हात खाली करून 'गो' म्हणणाराही तोच. बाहेरच्याला हा व्यवस्थेचा किरकोळ तपशील वाटेल. दारात उभ्या असलेल्या पोराच्या दृष्टीने हाच सारा फरक असतो. ज्याने दहा दिवस आपले गुडघे जुळवून घेतले, ज्याला आपले नाव आणि आपली चूक दोन्ही ठाऊक आहेत, तो 'जा' म्हणतो तेव्हा पाय आपोआप हलतो. अनोळखी माणसाच्या हुकमाने तो हलेलच असे नाही. शाळेच्या बोधवाक्याचा अर्थ होता, 'ज्ञान भीतीला घालवते.' मी त्यात किंचित दुरुस्ती करीन. ज्ञानाने भीती जात नाही, ती बसून राहते, पण तिला गप्प बसवता येते.

छत्र्यांच्या घड्या घालणारा विभाग लवकरच वायुसेनेच्या महिला दलाकडे गेला. लांबलचक टेबलांवर कापड पसरून, दोऱ्या मोजून, घडी न घडी तपासून त्या छत्र्या बांधत. ओल्या छत्र्या उंच दालनात टांगून वाळवाव्या लागत, कारण दमट कापड एकमेकांना चिकटते. पहिल्या उडीआधी जवानांना तो विभाग मुद्दाम दाखवत आणि त्याचा परिणाम कोणत्याही भाषणापेक्षा अधिक होई.

शारीरिक निवडीबद्दल फार लिहीत नाही, कारण ती इतर निवडक दलांसारखीच होती. सप्टेंबर १९४१ मध्ये ब्रिगेडियर रिचर्ड गेल यांच्या हाताखाली पहिली पॅराशूट ब्रिगेड उभी राहिली, तिचा तळ डर्बिशायरमधल्या हार्डविक हॉल येथे होता. तिथे माणसांना चालवून, पळवून, पाठीवर ओझे देऊन गाळत आणि उरलेल्यांना रिंगवेला पाठवत. जुन्या ११ व्या बटालियनची त्याच वेळी पहिली पॅराशूट बटालियन झाली. २४ तासांत ५० मैल चालणे हे त्यांच्याकडून अपेक्षित असे. विमानातून उतरलेल्या सैनिकाला पुढे वाहन मिळत नाही, त्यामुळे त्यात अतिशयोक्ती नव्हती.

हे सगळे आपल्याकडे कसे आले, हेही सांगायला हवे. ऑक्टोबर १९४१ मध्ये दिल्लीत ५० वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड उभी राहिली. तिच्यात १५१ वी ब्रिटिश, १५२ वी भारतीय आणि १५३ वी गुरखा अशा तीन पलटणी होत्या आणि प्रशिक्षणासाठी विलिंग्डन विमानतळावर, म्हणजे आजच्या सफदरजंगला, एअरलँडिंग स्कूल सुरू झाले. तेव्हा भारताचे सरसेनापती वेव्हेलच होते, ज्यांनी पाच वर्षांपूर्वी रशियात ते प्रात्यक्षिक पाहिले होते. विमाने होती व्हॅलेन्शिया, एकावर एक अशा दुहेरी पंखांची, संथ, रिंगवेच्या व्हिटलीपेक्षाही म्हातारी. छत्र्या इतक्या थोड्या होत्या, की एक सुकून पुन्हा बांधली जाईपर्यंत पुढच्याला थांबावे लागे. भारतीयांत पहिली उडी मारणारे म्हणून लेफ्टनंट ए. जी. रंगराज या डॉक्टर अधिकाऱ्याचे आणि हवालदार मेजर मथुरा सिंग यांचे नाव घेतले जाते. १९४२ मध्ये शाळा रावळपिंडीजवळच्या चकलाला येथे हलली. फाळणीत चकलाला पाकिस्तानात गेले आणि आपली शाळा आग्र्यात उभी राहिली. लष्कराचा जवान आणि वायुसेनेचा उस्ताद ही न्यूनम यांची जोडी तिथे आजही कायम आहे. १९५२ मध्ये आपली पॅराशूट रेजिमेंट स्थापन झाली तेव्हा मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण '२ पॅरा' झाली. तिच्या सातारा-कोल्हापूरकडच्या पोरांना मी मालपुऱ्याच्या मैदानावर गुडघे जुळवा म्हणून ओरडलो आहे, आणि ते शब्द मूळ कुठून आले हे त्यांना तेव्हा सांगितले नव्हते.

राहिला प्रश्नाचा शेवटचा भाग, निव्वळ धाडसी माणसे निवडली होती का. त्यासाठी एकच उदाहरण देतो. फेब्रुवारी १९४२ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर ब्रुनव्हाल येथील जर्मन वुर्ट्सबुर्ग रडारचे महत्त्वाचे भाग काढून आणायचे ठरले. मेजर जॉन फ्रॉस्ट यांच्या हाताखाली दुसऱ्या पॅराशूट बटालियनची सी कंपनी जाणार होती, पण रडार उघडू शकेल असा कारागीर तिच्यात नव्हता. ते काम फ्लाइट सार्जंट कॉक्स या वायुसेनेच्या रडार मेकॅनिककडे आले. युद्धापूर्वी तो चित्रपटगृहात यंत्र चालवी. तोवर तो कधी विमानात बसला नव्हता आणि जहाजातही नाही. त्याला रिंगवेला पाठवले. गादी, झोपाळा, भोक, बलून आणि व्हिटली या वाटेने तो गेला आणि काही दिवसांत पंख घेऊन बाहेर पडला. २७ फेब्रुवारीच्या रात्री तो बर्फाने झाकलेल्या शेतात उतरला, गोळीबार चालू असताना अवजारे घेऊन रडारचे भाग सुटे केले, जे सुटले नाहीत ते पहारीने उपटले, आणि सगळे ढकलगाडीवर घालून किनाऱ्यापर्यंत नेले, जिथून नौकांनी त्यांना उचलले. उतरताना त्याचा घोटा मुरगळला असता, तर ती सारी मोहीम फुकट गेली असती.